टॅपेट कव्हरचं पॅकिंग

"पॅकिंग घरी बायका कापतात, डॉक्टर. त्याला मी काय करणार?"

दादाचं हे वाक्य कानावर पडलं तेव्हा धाकटी गॅरेजच्या दारात नव्या पॅकिंगची पिशवी घेऊन उभी होती. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पण वडिलांच्या गॅरेजमध्ये अजून सगळ्यांची धाकटीच. वडिलांनी मुलाच्या हातात पाने दिले आणि मुलीच्या हातात कात्री. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तशी ती इंजिनाची पॅकिंगं, म्हणजे सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये घालायच्या पट्ट्या, कॉर्कच्या शीटमधून हातानं कापू लागली. जेवणाची भांडी आवरली की त्याच टेबलावर शीट अंथरायची, वर इंजिनाचं झाकण ठेवून कडेनं हातोडीनं टकटक करत ठसा घ्यायचा, पंचानं भोकं पाडायची. बावीस वर्षं हेच. गिऱ्हाइकांना वाटायचं, दादाच कापतो, आणि दादानंही तो समज कधी मोडला नव्हता. आज गळती लागली, तेव्हा पॅकिंगला अचानक आई सापडली होती.

दातांच्या डॉक्टरांची ती लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार तिसऱ्यांदा आली होती. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून, तेल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं आणि सिग्नलला बॉनेटमधून धूर निघायचा.

"आता हे कॉर्कबिर्क बंद," दादा म्हणत होता. "सिलिकॉनची ट्यूब पिळतो. कुणाच्या घरच्या कामावर अवलंबून राहायलाच नको."

म्हणजे बावीस वर्षं एका ट्यूबवर निकालात निघाली.

"झाकण खोल," धाकटी आत येत म्हणाली.

"तू घरी जा. मी बघतो."

"तीनदा बघितलंस. खोल, नाहीतर मी खोलते."

त्यानं खोललं नाही, तिनं खोललं. डॉक्टर दातांचे असून स्वतःच तोंड उघडं टाकून बघत राहिले. तिनं जुनं पॅकिंग सोलून त्यांच्या नाकासमोर धरलं.

"फक्त नटांपाशी चिरलंय, दिसतंय? बाकी धड आहे. कॉर्क दाबलं की तेल थांबतं, चिरडलं की फाटतं." मग तिनं झाकण सपाट काचेवर ठेवलं आणि मागून बॅटरी मारली. नटांच्या दोन भोकांमधल्या कडेखालून उजेड आला. "आवळून आवळून कडच वाकलीय. यात सोन्याचं पॅकिंग घातलं तरी गळेल."

"घट्ट नको करायला?" दादा म्हणाला. "बाबाही घट्टच करायचे."

"बाबा दोन बोटांत पाना धरायचे. तू मनगट लावतोस, मग खांदा, मग घरचा राग."

"गिऱ्हाइकासमोर बोलू नकोस."

"गिऱ्हाइकासमोरच म्हणालास ना, बायका कापतात म्हणून?"

तिनं कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोकायला घेतली. पहिले दोन घाव दादाच्या नावाचे होते. पत्रा आणखी वाकेल म्हणून तिनं हात आवरला. मग चिकटलेलं कॉर्क खरवडलं, तेलाचा डाग पुसला, नवं पॅकिंग बसवलं. मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे, आखूड पान्यानं, थोडं थोडं आवळत गेली. मदतीला आलेला दादाचा हात तिनं दोनदा कोपरानं बाजूला सारला.

इंजिन पंधरा मिनिटं चाललं. तिनं कडेवरून कागद फिरवला. कोरडा.

दादाचा चेहरा लगेच खुलला. "झालं बघा डॉक्टर, आपल्या गॅरेजची गोष्टच वेगळी," म्हणत त्यानं लांब पाना उचलला. "आता नटांना आणखी एक-एक आटा देऊन ठेवतो, खात्रीला."

धाकटीनं तापलेल्या झाकणावर तळहात ठेवला.

"अगं, भाजेल."

"भाजू दे. पाना ठेव खाली. आणि ऐक, यापुढे मी कापेन ते मीच बसवेन. पटत नसेल तर तू ट्यूब पिळ आणि डॉक्टरांना चौथ्यांदा तोंड दाखव."

दादानं आधारासाठी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गाडीकडे बघत म्हणाले, "गळत नाहीये ना? मग ताई म्हणतात तसं."

पाना ट्रेमध्ये आदळून दादा आत निघून गेला. धाकटीनं हात उचलला. तळवा लाल झाला होता, आणि राग अजून जिथल्या तिथंच होता.

"पन्नास किलोमीटर फिरवून आणा," ती डॉक्टरांना म्हणाली. "परत आलात की मला हाक मारा. त्याला नको."