सतरंजी मोठी हाये

“दुमड, अर्धी दुमड. माणसं कमी नाईत बाप्पा, सतरंजी मोठी हाये.”

आमच्या ओसरीत पाय टाकला का पार्टीच्या ताईचं हे सुरू. आंजी गावात तिच्या पार्टीले कोनी विचारत नाई, मिटिंगले सात-आठ डोकी. मोठ्या सतरंजीवर ते सांडल्यावानी दिसत, म्हणून ती दुमडायले लावे, मंग सारे खेटून बसत अन् ओसरी भरल्यावानी वाटे. अन् सतरंजी कोनाची? माही! माह्या मायनं माहेरून, सिंदीवरून आंदणात देल्ली. मी तिच्यावर लेकराले बी झोपवत नोती.

आमचे हे त्याच पार्टीचे. ताई यायच्या आधी पार्टी बी चूप अन् हे बी चूप. आता मिटिंग असली का सकाळीच दाढी.

“काऊन जी, कोनाचं लगन हाये?”

“मिटिंग हाये.”

माह्यासाठी कधी कंगवा फिरवला नाई ह्या माणसानं. तुमीच सांगा, मले कसं वाटलं असन? ताई माह्या मायच्या वयाची, गुडघे धरून उठे, समजते मले. पण जळायले का वय लागते?

शेजारची काकू हसे, “घरवाला पार्टीचा का ताईचा वं?” हे दुकानातलं काम सोडून तिच्या मागं निंगाले तर मी बारकं लेकरू घेऊन कुठं जाऊ? अन् लेकरू बी असं बेइमान, माह्यापाशी रडे अन् तिच्यापाशी गेलं का तिचा चष्मा ओढून हासे!

उन्हाळ्यात वस्तीची डीपी जळली, पंखे बंद, मोटरी बंद. साऱ्या पार्ट्यायनं अर्ज देले. ताई म्हणे, “चला, लाईटच्या हापिसात जाऊन बसू.”

“पण आपून हाओ किती जन, ताई?”

“जेवढे हाओ तेवढे.”

माहीच सतरंजी नेली, अर्धी दुमडून हापिसाच्या दारातच टाकली. दिवस बुडायच्या आत नवी डीपी आली.

पुढच्या मिटिंगले ओसरी पुरेना. ताई मले म्हणे, “उलगड वं पोरी, पुरी उलगड. अन् तू बी बस.”

“मले काय समजते जी त्यातलं?”

“अंधार समजला ना? मंग बस.”

मी नाई बसली. आत जाऊन भांडे आपटले.

मंग पार्टीच्या वरच्या लोकायले बी ती दिसली. “असंच माणूस पाह्यजे होतं,” म्हणे, अन् नागपूरच्या हापिसात नेऊन बसवलं तिले. तिच्या जागी आमच्याकडं कोनाले धाडलं नाई. मी तर त्या दिवशी शिरा केल्ता. हे जेवले नाई.

हळूहळू लोकं गळाले. परवाच्या मिटिंगले हे अन् एक म्हातारे काका, बस. यायनं सतरंजी अर्धी दुमडली, मंग अजून दुमडली, तरी जागा उरली. मले ते पाहवलं नाई. लेकरू घेतलं अन् जाऊन बसली.

“तू काऊन बसली?”

“जागा दिसून राह्यली होती.”

हे हासले. किती दिवसानं! पण पाहत कुठं होते? दाराकडं, ताईची स्कुटी लागे तिथं.

मी लेकरू घेऊन सरकली अन् दाराच्या अन् यायच्या मधात बसली. आता पाहतीन तर मी दिसीन.