गुरुवारचा धूर

मार्गशीर्षातली थंडी. चाकणच्या अंगाला धुकं एवढं दाट, की समोरच्या कंपनीचं धुराडंही दिसेना. गवराबाईनं पाचलाच बंब पेटवला होता. तिच्या चाळीच्या सहा खोल्यांत सगळे परगावचे भाडेकरू, आणि पहिल्या शिफ्टची बस सव्वासहाला. त्याआधी प्रत्येकाला बादलीभर कढत पाणी मिळायचंच. सासूनं दिलेला तांब्याचा बंब बावीस वर्षांत एक दिवस थंड राहिला नव्हता.

सरपण भंगारवाल्याकडचं, कंपनीत माल ठेवायच्या प्यालेटच्या फळ्या. "साल न्हाई, वाळवी न्हाई, रंधा मारल्यालं लाकूड," ती कौतुकानं सांगायची. "आन् जाळ बघा, मोरपिसावानी!" रंग दिलेली फळी खरंच हिरवी-निळी जळायची. दोन नंबरच्या खोलीतली अडीच वर्षांची दीक्षा तो मोर बघायला रोज बंबाशी येऊन बसायची.

दीक्षा म्हणजे लातूरकडच्या समाधान आणि स्वरूपाची लेक. वाढली मात्र गवराबाईच्या कडेवर. दिवाळीपासून पोरीची छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब न्या. समाधान थेरगावात खोली बघायला लागला.

"पहाट झाली की खोकायलीय लेकरू," स्वरूपा म्हणाली. "काय करावं, मावशी?"

"त्या कंपनीचा मुडदा बशीवला!" गवराबाईनं धुराड्याकडं बोट नाचवलं. "समाधान, गुरवारी सुट्टी आसती तिला. त्या दिशी बघ, पोर कशी मोकळी ऱ्हाती. मंग आमी समदे मिळून सायबाकडं जाऊ. पर खोली सोडू नगंस, राजा."

गुरुवार आला. कारखाने बंद, माणसं घरात. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार. आळीतल्या साऱ्या बाया उपासाच्या, डोक्यावरून न्हाणाऱ्या. आठ वाजून गेले तरी दारोदारचे बंब धडधडत होते. गवराबाई दीक्षाला मांडीवर घेऊन अंगणात बसली. पोरगी खोकली. थांबली. पुन्हा खोकली, पार घामाघूम झाली.

गवराबाईनं वर पाहिलं. धुकं विरलं होतं. धुराड्यातून धुराची रेघसुद्धा नव्हती, टोकावर एक घार निवांत बसलेली. आणि खाली पत्र्यांच्या उंचीवर करडा धूर सायीसारखा पसरला होता. ती नजरेनं त्याच्या मागं मागं गेली. नजर तिच्याच बंबाच्या नळीशी येऊन थांबली.

समोरची विजयश्री केस पुसत ओरडली, "काय वं गवराबाय, आज कंपनीला सुट्टी, आन् धुराला ओव्हरटाइम व्हय?"

एरवी गवराबाईनं तिला उभी सोलली असती. आज ती उठली. दीक्षाला स्वरूपाकडं दिलं, जळत्या फळ्या ओढून काढल्या आणि त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"समाधान, गार पाण्यानं उरक रं आज."

"मावशी, डोक्याला साबण लागलाय!" न्हाणीतून आवाज आला.

"मंग डोळं मीट."

मुलगा आदिनाथ दोन वर्षं सोलरसाठी मागं लागला होता. उन्हाचं पाणी अंगाला मानवत नाही, म्हणून तिनं त्याला उडवून लावलं होतं. त्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "ती उनाची टाकी कवा आणतूस?"

संक्रांतीच्या आत टाकी स्लॅबवर चढली. ढगाळ दिवशी बंब पेटायचा, पण आळीबाहेर बांधावर, तोही सुक्या बाभळीच्या सरपणावर. विजयश्रीनंही रंगीत फळ्या सोडल्या. दोन घरं मात्र ऐकेनात. गवराबाई सकाळी दीक्षाला घेऊन त्यांच्या दारात जायची. "हिच्या म्होरं पेटवा," एवढंच म्हणायची आणि बसून राहायची. एका घरानं चार दिवसांत हात टेकले. दुसरं अजून धुमसतंय.

दीक्षाची छाती एकदम साफ झाली असं नाही, पण पहाटे पोर झोपू लागली. एका गुरुवारी समाधान अंगणात येऊन उगाच घुटमळला. "मावशी, थेरगावच्या खोलीवाल्याला राहू द्या म्हणलं."

"बरं," गवराबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. बंब आडवा पाडून ती चिंचेच्या चोथ्यानं त्याचं काळं बूड घासत होती. शेजारी दीक्षा वाकून नळीत डोकावली.

"मोर कुठाय?"

"उडाला," ती म्हणाली. "सरक जरा, चिंच उडंल डोळ्यात." आणि तिनं चोथा उलटा करून पुन्हा हात चालवला.