बाबांचे दहा डाव

मी माझ्या आजारी बापाला बुद्धिबळात मुद्दाम जिंकू दिलं.

याबद्दल कौतुक करू नका. कमेंटमध्ये हात जोडू नका. आधी वाचा.

आज बाबांची तेरवी झाली. पाहुणे गेले. मी अजून अमरावतीत बाबांच्या घरीच आहे, उद्या अकोल्याला परत जाईन.

बाबा कॉलेजात फिजिक्सचे लॅब असिस्टंट होते. लोक न मोजता बोलतातच कसे, हा त्यांचा जन्माचा वैताग. आई म्हणायची, भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही यांना तराजू लागतो.

रिटायर झाल्यावर त्यांना बुद्धिबळाच्या मशीनींचा नाद लागला. मोबाइलवरचं ॲप नव्हे. त्या जुन्या, सेलवर चालणाऱ्या, डब्याएवढ्या मशीनी. सोंगटी घरावर दाबली की छोटे लाल दिवे लागतात आणि मशीन आपली चाल दाखवते.

प्रत्येकीच्या खोक्यावर लिहिलेलं, 'मास्टर लेव्हल'.

ते वाचलं की बाबांचं डोकं फिरायचं. कोणाचा मास्टर, कोणत्या शाळेचा, म्हणायचे.

मग ते तपासायला बसायचे. नवे सेल. एका चालीला दहा सेकंद घेणारी लेव्हल. दहा डाव, पाच पांढऱ्यांनी, पाच काळ्यांनी. चाल परत घ्यायची नाही. एकच सुरुवात दोनदा खेळायची नाही, कारण जुनी मशीन तीच तीच उत्तरं देते आणि आपण फुकटात शेर होतो.

दहा डाव झाले की निकाल. ही तालुक्यापुरती बरी आहे. ही लेकरांना देऊन टाका. परतवाड्याहून, अकोल्याहून लोक मशीनी पाठवायचे. बाबांनी सांगितलं की विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं एक मशीन पाठवली. त्याला ती गावच्या शाळेला भेट द्यायची होती. बाबा तिच्याशी दहापैकी आठ डाव हरले. निकाल दिला, फार जबर आहे, जिल्ह्यात हिला सहजी कोणी हरवणार नाही.

त्या बिचाऱ्यानं शाळेत हे माइकवरून सांगितलं.

आणि तिथल्या तिथे सातवीतल्या एका मुलीनं त्या मशीनला मात दिली.

त्यानं बाबांना फोन करून हे हसत हसत सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी फोन ठेवला आणि स्वतःची सगळ्यात जुनी मशीन काढली. तिला ते वर्षानुवर्षं दहातल्या आठ डावांत हरवत आले होते. तीन दिवस खेळले. दहातले दोनच जिंकले.

मी म्हटलं, मशीनच बिघडली असेल.

"बिघडली त बंद पडते, बाई. हुशार नाही होत. माप मीच होतो न. माप झिजलं."

नंतर स्कॅन झालं. मेंदूत लहान लहान झटके येऊन गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना आधीच कळलं होतं.

तरी दर शनिवारी, मी अकोल्याहून आले की, ते त्या जुन्या मशीनशी खेळायचे. आपण किती उतरलो, ते बघायला. हरले की जेवत नसत. मला ते बघवेना.

त्यांची बोटं थरथरायची, म्हणून पट मी मांडून द्यायची. लेव्हलही मीच लावायची. एका शनिवारी मी ती गुपचूप सगळ्यात खाली नेली.

बाबा जिंकले. पुढच्या शनिवारीही जिंकले. पोटभर जेवायला लागले. परतवाड्याच्या एका मशीनवाल्याला फोन लावून म्हणाले, असेल ती मशीन पाठवा, मी ठीक आहे आता. मी स्वयंपाकघरात उभी राहून खूश. इतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

चौथ्या शनिवारी ते डावाच्या मध्येच थांबले. मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. दहा सेकंद घेणारी मशीन दोन सेकंदांत चाल करून राहिली होती.

ओरडले नाहीत.

"काहून केलं वं असं?"

मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"मले बरं नव्हतं वाटून घ्याचं. मी किती उरलो, ते पाह्याचं होतं. तेवढंच माह्या हातात होतं."

त्यानंतर ते पटावर बसले नाहीत. मी रडले, शपथा घातल्या, तुमच्यासमोर लेव्हल लावते म्हटलं. नाही म्हणजे नाही.

शेवटच्या महिन्यात एकदा माझं नाव त्यांना आठवेना. मग म्हणाले, "खरं सांग. लय खराब झालो का मी?"

आणि मी म्हटलं, काही नाही झालं बाबा, तुम्ही होते तसेच आहे.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

एक धडा शिकून या बाईनं परत तेच केलं.

आज सगळे म्हणत होते, लेकीनं बापाचं फार केलं. मी मान खाली घालून बसले होते. माझी लाज मलाच ठाऊक.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर देते. हो. खूप खराब झाले होते तुम्ही. दहातले दोन उरले होते, आणि शेवटी तेही नाही.

मला तेवढे बाबाही पुरत होते.

हे त्या दिवशी तुमच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

माफ करा. शेवटचा नमस्कार, बाबा.