गंजीमागं उभा राहणारा माणूस

माझ्या बापाला चोर ठरवलं. दुष्काळाच्या साली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी, चारा छावणीत, सगळ्या गावासमोर. ठरवणारे परके नव्हते. आमच्याच सोसायटीचे चेअरमन, संचालक आणि तिथं राखणीला ठेवलेला गडी.

त्या साली शिरूर कासारकडच्या आमच्या माळावर सोसायटीनं छावणी उघडली होती. अर्धा गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेला. मागं राहिलेल्यांच्या बायका टँकरच्या रांगेत आणि गडी छावणीत, आपापल्या जनावरांच्या पायाशी अंथरूण टाकून. माजलगावच्या बाजूनं उसाचं वाढं, म्हणजे तोडलेले शेंडे, ट्रकनं यायचं, सोबत पेंडीची पोती. वाढ्याची मोठी गंज रचलेली असायची आणि पेंड तिच्या कडेला ताडपत्रीखाली. माळावर आडोसा म्हणाल तर तेवढाच. बाभळीचा पाला तर शेळ्यांनी केव्हाच संपवला होता.

बाकीचे गडी रात्री उठले की चार पावलं बाजूला जायचे आणि मोकळे होऊन यायचे. माझा बाप गंजीमागं जायचा आणि लवकर परत यायचा नाही. पुन्हा तासादोन तासांनी उठायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस. शेजारच्या दावणीचा एकजण त्याला म्हणायचा, "आण्णा, गंजीमागं दुसरी बायको ठिवलीय का काय?" सगळे हसायचे. बापही हसायचा. त्यानं दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं होतं. आई कौतुकानं सांगायची की, दुष्काळ कळला तो ह्यांनाच, तांब्याला हात म्हणून लावत नाहीत.

त्याच छावणीत एका बैलाचं मूत अडलं होतं. त्या दिवशी काय धावपळ! बैल पाय झाडतोय, शेपटी पिळतोय आणि पन्नास माणसं त्याच्या पोटाखाली वाकून बघताहेत. धार येते का, थेंब येतो का, यावर मोठमोठ्यानं चर्चा चाललेली. चेअरमननी स्वतःची जीप पाठवून जनावरांचा डॉक्टर आणला. बैल मोकळा झाला तेव्हा लोकांनी गूळ वाटला. बापानंही तो गूळ खाल्ला. खाताना त्याच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

पुढं मोजणीत पेंडीचं एक पोतं कमी भरलं. राखणदारानं सांगितलं की रात्री गंजीमागं कोण जातंय आणि किती वेळ थांबतंय, हे त्यानं डोळ्यानं पाहिलंय. मी सकाळची भाकरी घेऊन पोचलो तेव्हा बाप मधोमध उभा होता.

"रातच्याला एवढा एवढा वेळ तिथं काय करत होतास रं?" चेअरमन म्हणाले. "खरं सांग."

बाप जमिनीकडं बघत म्हणाला, "पेंड नेली. बैलासाठी नेली."

मी मध्ये पडलो. नेली तर पोतं कुठं आहे, अंथरूण झाडा, घर झाडा, पुरावा दाखवा, असं बरंच काही बोललो. मला मोर्च्यांची पत्रकं लिहायची सवय, तोंडही तसंच चालतं.

"तुझा बापच कबूल हाय म्हणतोय," चेअरमन म्हणाले, "तू कावून मधी पडतूस?"

बापानं मला हातानंच गप्प केलं. आमचे बैल दावणीतून सोडले. आम्ही उन्हातून गावाकडं निघालो. वाटेत तो दोनदा ओढ्यात उतरला आणि दोन्ही वेळा तसाच वर आला. मी चोरीबद्दल विचारत होतो, तो बैल हाकत होता.

घरी आल्यावर त्याला बसवेना, झोपवेना. अंगाला घाम, ओटीपोट दगडासारखं. आईला वाटलं ऊन लागलं. तिनं कांद्याचा रस दिला, वर तांब्याभर पाणी पाजलं. त्यानं तेही निमूट पिलं. दिवस मावळायला आला तेव्हा कुठं तो तिच्या कानात बोलला, सकाळपासून लघवी झालेली नाही म्हणून.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा बापाचा चेहरा सैल पडला आणि तो तिथंच झोपला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते, सगळ्यांनाच असते. वय वाढतं तशी पुष्कळांची ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. म्हणून सारखं उठावं लागतं, म्हणून धार लागायला वेळ लागतो. यात वागण्याचा काही दोष नसतो. वेळेवर आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल आणि किडन्यांना जो मार बसलाय तो सगळा भरून येईल असं नाही. तो आला नाहीच भरून.

तो जागा झाल्यावर मी त्याला विचारलं, चोरी का कबूल केलीस?

"बैलाच्या पोटासाठी चोरली म्हणल्यावर लोक इसरतेत," तो म्हणाला. "ह्या दुखण्याचं नाव निघालं आसतं तर भिंतीवरचं वाचून दाखवलं आसतं मला. तुझ्या बहिणीची सोयरीक चाललीय."

स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर भिंतीभिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असं रंगवलेलं आहे. कमरेखालच्या दुखण्याबद्दल आमच्या गावाला मिळालेलं सगळं शिक्षण ते एवढंच. सोसायटीच्या सभेत जनावरांच्या लाळ्या-खुरकतावर तासभर बोलता येतं. माणसाच्या लघवीवर बोललं की तो बदचालीचा ठरतो.

पोतं कुणी नेलं ते कळलं नाही. चेअरमनला मी तोंडावर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग सांगायचं ना त्यानं. कुणाला सांगायचं होतं? दुसऱ्या बायकोवर हसणाऱ्यांना?

बहिणीचं लग्न झालं. आता बाप म्हणाला, लिही, पण नाव घालू नकोस. म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. पण तुम्ही वाचताय, तर तुमच्याही घरात पन्नाशीचा बाप, काका, मामा, नवरा असेल. आज त्याला बाजूला घेऊन विचारा: रात्री किती वेळा उठता? धार लागायला वेळ लागतो का? तो हसण्यावारी नेईल. तुम्ही हसू नका. आणि उद्या सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. त्याला एकट्याला पाठवू नका, तो अर्ध्या वाटेतून परत येईल.