गिरगावची खाणावळ आणि मेडशीची भाकर

मेडशीतून कुणी मुंबईला निघालं की आधी शालिग्रामच्या ओसरीवर येऊन बसायचं, हा गावचा रिवाज होता, आणि त्या रिवाजाचा रुख्मिणीला वीट आला होता. शालिग्राम तिचा नवरा. कारंज्याच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठींवर राखणदार म्हणून तो मुंबईत राहिला होता, तो तीन वर्षं. मोठ्या लढाईच्या पहिल्या साली, म्हणजे चौदा साली परत आला, त्यालाही आता बारा वर्षं होऊन गेली होती. तरी गडी अजून मुंबईतच होता. मेडशीत फक्त जेवायला यायचा.

त्या तीन वर्षांत आठ एकर वावर, दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली सासू रुख्मिणीनं एकटीनं सांभाळली होती. त्याबद्दल विचारायला ओसरीवर कधी कुणी बसलं नाही. समुद्र काटेपूर्णा नदीहून मोठा असते का, एवढं विचारायला मात्र चांगली डोक्याला पागोटी बांधलेली माणसं यायची, आ वासून ऐकायची आणि वर तिच्या हातचा चहा पिऊन जायची. तिला त्यांची कीव येत नसे. सरळ तिरस्कार वाटायचा.

शालिग्रामचं सांगणं तिला पाठ झालं होतं. राणीच्या बागेत सकाळीच जायचं, दुपारी वाघ झोपतो, मग काय शेपटी पाहून येता? ट्राममध्ये पुढच्या बाकावर बसायचं. चौपाटीला गेलं की ओंजळभर पाणी चाखून पाहायचं, तेव्हा समुद्र पाहिला म्हणायचा. या एका सल्ल्यापायी मेडशीची निम्मी शहाणी माणसं गोऱ्या साहेबांच्या देखत समुद्राचं पाणी पिऊन थुंकत आली होती, आणि परत येऊन छाती काढून सांगत होती की खारट आहे. इराण्याकडे चहा बशीत ओतून प्यायचा, तो काही म्हणत नाही. मुसलमान कुणी निघाला असला तर त्याला भेंडीबाजारातले कबाब सांगायचे. शालिग्राम स्वतः माळकरी. कबाबाला त्यानं जन्मात बोट लावलं नव्हतं, पण कोणत्या गल्लीतले मऊ आणि कोणत्या गल्लीतले चिवट हे तो डोळे मिटून सांगे. उंटावरचा शहाणा तरी निदान उंटावर बसलेला असतो.

एवढंच असतं तर रुख्मिणीनं सोडून दिलं असतं. पण सगळं सांगून झालं की गाडी रंगूबाईच्या खाणावळीवर यायची. गिरगावात एका चाळीखाली ही खाणावळ होती आणि शालिग्राम तिथं तीन वर्षं जेवला होता. पाहुणा रुख्मिणीची भाकर मोडत असायचा, पिठल्यात बुडवत असायचा, आणि नेमका तेव्हाच शालिग्राम म्हणायचा की हे काय, यानं पोट भरते. जेवण म्हणाल तर रंगूबाईचं. तिची भाकर कशी पातळ, कशी टम्म फुगायची, कडा कशा चंद्रासारख्या. पाहुणा मान डोलवायचा आणि रुख्मिणीकडे आणखी एक भाकर मागायचा.

एकदा, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा, तिनं हे मनावर घेतलं होतं. पीठ दोनदा चाळलं, उकळत्या पाण्यात मळलं, कडा बोटांनी नीट केल्या. भाकर अशी फुगली की तिलाच नवल वाटलं. शालिग्रामनं ती खाल्ली आणि नक्कल बरी जमली म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्याहीपेक्षा तिला स्वतःचा राग जास्त येऊ लागला, कारण भाकर चांगली झाली, एवढे तीन शब्द या माणसाच्या तोंडून ऐकायची हाव तिच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात जगदेव आणि युसूफ आले. जगदेव चांगला पन्नास एकरांचा धनी. युसूफचं गावात कापडाचं दुकान होतं. युसूफची आई हाजराबी हजला निघाली होती, तिला मुंबईत जहाजावर बसवून द्यायचं होतं, आणि मुंबई पाहायची म्हणून जगदेव दोस्ताच्या सोबतीला. दोघांनी सगळं ऐकून घेतलं, वाघापासून कबाबापर्यंत. जगदेव रुख्मिणीच्या हातच्या तीन भाकरी खाऊन उठला आणि रंगूबाईकडे जेवल्याशिवाय परत येणार नाही असं शालिग्रामला वचन देऊन गेला. रुख्मिणीनं त्याचं ताट उचललं आणि मनातल्या मनात त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले ते थेट ओसरीवर. गावातली आणखी पाच-सहा रिकामटेकडी माणसं जमली. हाजराबी सुखरूप जहाजावर बसली होती. वाघ पाहिला होता, पाणी चाखलं होतं. युसूफ म्हणाला की सांगितलेल्या गल्लीत कबाबाचं दुकानच नाही, तिथं छत्र्या विकतात. लोक हसले. शालिग्राम म्हणाला, दुकान उठलं असेल. मग त्यानं स्वतःच खाणावळीचं विचारलं, आणि जगदेव जरा घुटमळला. रुख्मिणी आत चुलीपुढे बसली होती. दार उघडं होतं.

खाणावळ आहे, जगदेव म्हणाला. रंगूबाई म्हातारी झाली आहे, पण भाकर अजून स्वतः थापते. आपण मेडशीचे, शालिग्रामनं पाठवलं, असं सांगितल्याबरोबर तिनं हातातलं पीठ खाली ठेवलं.

"म्हने, तो शालिग्राम? तीन वरसं जेवला माह्या इथं अन् तीन वरसं नाक मुरडलं. रोज एकच बोलनं. बाई, आमच्या घरच्या भाकरीची सर नाही याले. आमची रुख्मिणी अशी थापते अन् तशी शेकते. एक डाव तर घास हातात घिऊन रडला. मीच सांगतलं त्याले, बाप्पा, मंग घरी जा न, माह्या डोक्शाले ताप काहून देतं?"

शालिग्राम म्हणाला की म्हातारीला भ्रम झाला असेल, हजार माणसं जेवून जातात, तिला काय आठवणार. पण रुख्मिणीचं नाव म्हातारीला भ्रमात कुठून सापडलं, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. लोक एकेक करून उठले.

आत रुख्मिणीनं तव्यावरची भाकर उलटली. क्षणभर तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं? गिरगावात एक परकी बाई तिला नावानं ओळखत होती. पण त्यामागून जो संताप आला तो बारा वर्षांत आला नव्हता इतका मोठा होता. नवऱ्याला तिची भाकर आवडत नाही, हे तिनं सोसलं होतं. आवडत होती आणि तो तोंड शिवून बसला होता, हे तिला सोसेना. ताट वाढून तिनं त्याच्यापुढे आदळलं.

"तिले सांगतलं तुमी. मले सांगाले काय जीभ जड झाली होती?"

शालिग्रामनं पाणी मागितलं.

दुसऱ्याच दिवशी भाऊसिंगाची गाडी कारंज्याकडे निघाली होती. भाऊसिंग मेडशीचाच, कारंज्याच्या बाजाराला भाड्यानं गाडी हाकायचा. रुख्मिणी गाडीत बसली आणि कामरगावला भावाकडे निघून गेली. शालिग्रामच्या जेवणाचं त्याच्या भावजयीनं, तुळसाबाईनं पाहिलं.

पंधरा दिवसांत भाऊसिंग पुढच्या खेपेला कामरगावात आला तो तुळसाबाईचा निरोप घेऊन. ह्या माणसाला इथून घेऊन जा, नाहीतर मी विहीर जवळ करते, असा तो निरोप होता. शालिग्राम आता तुळसाबाईच्या भाकरीला नावं ठेवून राहिला होता. रुख्मिणीची भाकर कशी, तिच्या कडा कशा, हे दोन्ही वेळा ऐकवत होता. इतकंच नाही, कामरगाव-कारंज्याकडे जाणाऱ्या माणसांना ओसरीवर बोलावून सांगत होता की कामरगावात पाहण्यासारखं काही नाही, पण आमच्या मेहुण्याच्या घरी जेवल्याबिगर येऊ नका. मुंबई मागे पडली होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात. या माणसाला डोंगर साजरा वाटायला आधी तो दूर न्यावा लागत होता.

आणि खरंच दोन माणसं येऊन जेवूनही गेली. वा म्हणाली. रुख्मिणीला त्यांचं काडीचं कौतुक वाटलं नाही.

महिन्याभरानं शालिग्राम स्वतः आला, भाऊसिंगाच्या गाडीतून, तिला न्यायला. भावानं पाट मांडला, घरातली सगळी आजूबाजूला बसली, कारण बातमी सगळ्यांना होती. रुख्मिणीनं तव्यावरची गरम भाकर त्याच्या ताटात वाढली आणि नेहमीसारखी आत न जाता समोर उभी राहिली. तिचा जीव नुसता कानात आला होता. एवढं एक बोल, मग मी गाडीत बसते, असं तिनं ठरवलं होतं. शालिग्रामनं पहिली भाकर संपवली. दुसरी संपवली. तिसरी अर्धी झाल्यावर त्यानं मान वर केली, पण तिच्याकडे नाही, मेहुण्याकडे पाहिलं.

"कामरगावची जवारी जराशी निबर लागते. घरी करते थ्या भाकरीची गोष्टच अलग."

भाऊ हसला. रुख्मिणी हसली नाही. तिला त्या वेळी लख्ख कळलं की आपल्या तेराव्याच्या पंगतीत हा माणूस आपल्या भाकरीबद्दल असं बोलेल की वाढपी रडतील. आणि ते ऐकायला तेवढी एक बाई नसेल, बाकी सगळं गाव असेल.

तिनं उरलेल्या चार भाकरी फडक्यात बांधल्या, ठेचा ठेवला आणि गठुडं त्याच्या हातात दिलं. भाऊसिंग थांबलाय, निघा, म्हणाली. मी कधी येईन ते कळवीन. शालिग्रामनं गठुडं काखेत मारलं. मग गाडीत जाऊन बसला.

आठ दिवसांनी भाऊसिंग परत कारंज्याला भाडं घेऊन आला आणि वाट वाकडी करून कामरगावात डोकावला. रुख्मिणी अंगणात तूर पाखडत होती. त्या दिवशी परत जाताना वाटेत शेलूबाजारच्या विहिरीवर बैल सोडले होते, तो सांगू लागला, अन् यांनी थे गठुडं सोडलं, अन् पहिला घास घेतल्याबरोबर काय म्हनाले माहीत हाये का?

रुख्मिणीनं सूप खाली ठेवलं.

"मले नको सांगू, भाऊसिंग. तुह्या तोंडून नाई आयकत मी थे. त्याईले म्हनजो, पायपीट करून या, अन् इथं माह्यासमोर बसून सांगा."

भाऊसिंग गाडीकडे वळला. तिनं सूप पुन्हा उचललं.