कोंबड्यांच्या पाण्यातली जंताची गोळी

मी आयुष्यभर सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते. शाळेशाळेत जाऊन पोरांना जंताची गोळी देणं हे माझं दरवर्षीचं काम. "चावून खा, पाणी पी, पुढचा ये." त्यामुळे जंत या विषयात मला कोणी काही शिकवावं असं राहिलेलं नाही, असा माझा समज होता.

नोकरी संपल्यावर आम्ही देवळीजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. घर दोघा भावांचं, मधे एकच अंगण. एका बाजूला दीर आणि जाऊबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. जाऊबाईंकडे त्या लग्न होऊन आल्यापासून कोंबड्या आहेत. त्यांच्या सहा होत्या, मी हौसेनं पाच घेतल्या. खुराडी वेगळी, पण दिवसभर सगळ्या एकत्र चरायच्या आणि एकाच घमेल्यातलं पाणी प्यायच्या.

त्या हिवाळ्यात माझ्या कोंबड्यांची तब्येत उतरायला लागली. दाणे भरपूर खायच्या, पण अंगाला लागत नव्हतं. तुरे फिक्कट पडले, छातीचं हाड हाताला टोचायला लागलं, अंडी कमी झाली. एक दिवस झाडताना विष्ठेत पांढरा, दोऱ्यासारखा जंत दिसला.

जाऊबाईंना दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "जंत झाले न वं. पपईच्या बिया वाळवून कुट अन् कण्यात घाल. आपली सासू हेच करे."

मला मनातून हसू आलं. मी "बरं" म्हटलं आणि घरात गेले. डब्यात जंताच्या गोळ्या होत्या, माणसांच्या. सकाळी दोन गोळ्या कुटल्या आणि घमेल्यातल्या पाण्यात कालवल्या. घमेलं सगळ्यांचं आहे हे मला माहीत होतं. जाऊबाईंच्या कोंबड्यांचंही भलंच होईल, इतकाच विचार केला. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पपईच्या बियांवरून वाद झाला असता आणि मला तो नको होता.

संध्याकाळी घमेलं धुताना तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसला. तरी मला काही वाटलं नाही. असं मी तीन दिवस केलं.

पंधरा दिवसांनी माझी एक तांबडी कोंबडी मेली. आता मात्र मी घाबरले. ह्यांच्या गाडीवर मागे बसून, मेलेली कोंबडी पिशवीत घालून देवळीच्या ढोरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं कोंबडी ट्रेमध्ये ठेवली, पोट उघडलं आणि आतडं कात्रीनं लांब चिरलं. आत शेवया भराव्यात तसे जंत भरले होते.

"औषध दिलं होतं का काही?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. गोळी, पाणी, तीन दिवस.

"तुम्ही नर्स होता ना?" ती रागावली नव्हती, पण तिला नवल वाटलं. "ही गोळी पाण्यात विरघळत नाही. खाली बसते. कोंबड्या वरचं पाणी पितात. आणि आजारी कोंबडी तर पाणीच कमी पिते. जिला औषध सगळ्यात जास्त हवं, तिलाच मिळत नाही. कोंबड्यांचं औषध वेगळं मिळतं. प्रत्येकीचं वजन करायचं आणि वजनाप्रमाणे चोचीत द्यायचं. अंगणातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. नाहीतर एकीचे जंत दुसरीला."

मी पपईच्या बियांचं विचारलं. मला वाटलं, निदान त्यावर तरी ती हसेल. ती म्हणाली, "देऊ द्या, नुकसान काही नाही. पण एवढे जंत त्यांनी जायचे नाहीत."

मग हात धुता धुता तिनं विचारलं, "अंडी कोण खातं?"

मग मी तेही सांगितलं. जाऊबाईंची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ महिन्याचंही नव्हतं. तिला रोज सकाळी दोन उकडलेली अंडी, घरच्या कोंबड्यांची.

डॉक्टरनं ऐकून घेतलं. "अंड्यात फारसं काही उतरलं नसेल, औषध तर तळाशीच राहिलं. घाबरू नका. पण घरी सांगा. आणि आता खरं औषध द्याल तेव्हा मी सांगेन तितके दिवस अंडी कोणीच खायची नाहीत."

घरी येताना ह्यांनी विचारलं, "सांगशील?" घरी पोचल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता पलीकडे गेले. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, गोळीपासून ट्रेपर्यंत.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं, बाई."

"मी नाई म्हटलं असतं तर नाई म्हटलं असतं. पोरगी बाळाले पाजून राह्यली अन् तू तिच्या खाण्यात औषध घालून राह्यली?"

डॉक्टर काय म्हणाली ते मी पुन्हा सांगितलं. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. आपल्या कोंबड्यांना त्यांनी वेगळं भांडं लावलं. त्यांचं चुकलं नव्हतं. दवाखान्यात मी कोणाच्या पोराला आईला न विचारता साधं थेंबभर औषध दिलं नसतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या स्वतःच आल्या. त्यांच्याही दोन कोंबड्या मान टाकून बसायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "ते डॉक्टरनीचं औषध आण. पण माह्यासमोर देजो. कोंबड्या मी धरतो."

दुसऱ्या दिवशी खुराडी उघडायच्या आधीच आम्ही बसलो. एकेक कोंबडी त्या अलगद बाहेर काढायच्या, पंख दाबून पिशवीत घालायच्या, मी पिशवी वजनकाट्याला अडकवायचे. मग त्या चोच उघडून धरायच्या आणि मी सुई नसलेल्या सिरिंजनं थोडं थोडं औषध सोडायचे. पहिल्या कोंबडीच्या वेळी मी सिरिंज दोनदा मागे घेतली. त्या म्हणाल्या, "एवढ्या लोकाईले सुया टोचल्या अन् कोंबडीले भेते?" इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

जाऊबाईंच्या मुलीसाठी मी देवळीहून अंडी आणत राहिले. ती नाक मुरडायची, या पांढऱ्या अंड्यांना चवच नाही म्हणायची, पण खायची. आमच्या कोंबड्यांची अंडी आम्ही रोज खड्ड्यात पुरली. खुराड्यातला जुना भुसा काढला, उकिरडा अंगणापासून दूर हलवला. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे काही आठवड्यांनी पुन्हा औषध दिलं. तरी जाऊबाईंच्या त्या दोन कोंबड्यांतली एक गेलीच. बाकीच्या सावरल्या. विष्ठा तपासायला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "आता ठीक आहे. पण जंत कायमचे जात नाहीत. अधूनमधून आणून दाखवत जा."

जाऊबाई अजूनही कण्यात पपईच्या बिया घालतात. मी काही म्हणत नाही. औषधाची बाटली मात्र त्यांनी माझ्याकडून नेली. आता ती त्यांच्याच फळीवर असते, आणि मला लागली की मागावी लागते.