जप्त वहीतील भाषेविषयी

तक्रारदार: मी, पूर्वी कचेरीसमोर वडाखाली बसणारा अर्जनवीस, शिक्षण मराठी पाचवी. विरुद्ध: त्या वेळचे फौजदार. साल: एकोणीसशे तीस, मिठाच्या चळवळीचे. साक्षीदार: एक कोळीण. जप्त वस्तू: जाड पुठ्ठ्याची एक वही. नावे मुद्दाम गाळली आहेत. सर्व मंडळी हयात आहेत.

वहीत काय होते ते आधी नमूद करतो. एका पेन्शनर मास्तरांनी मला सांगितले होते की संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या एकाच आईच्या लेकी. मग आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला एकही का आली नाही, असे मी विचारले. मास्तर हसले. तेव्हा ती लेक मीच घडवली. अर्जदार नसत त्या दुपारी, नऊ वर्षे. ती बोलणारे माझ्या कल्पनेतले लोक गलबतांतून आले आणि सुपारीच्या वाड्यांपाशी राहिले. होडीला ते प्रथम 'नाउस्' म्हणत. भर दर्यात वाऱ्यामुळे शब्दांचे शेवट ऐकू जात नाहीत, म्हणून तिसऱ्या पिढीत 'नाउह' झाले. पुढे भातशेतीच्या गावांतून आलेल्या सुनांनी त्याचे 'नोह' केले. प्रत्येक बदलाचे कारण मी लिहिले. विनाकारण मी अर्जही लिहीत नाही.

कोळीण होडीच्या परवान्यासाठी महिनाभर खेपा घालत होती. तिला बसवून मी नवी पाने वाचून दाखवी. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्याला माझ्या लोकांकडे शब्दच नव्हता. हे दर्यावर्दी कसले, असे तिने विचारले. मी 'स्तानुस्' हा शब्द घातला.

त्या उन्हाळ्यात झडती झाली आणि वही फौजदारांच्या हाती गेली. अक्षरे बाळबोध, पण अर्थ लागेना. ही चळवळवाल्यांची गुप्त भाषा, असा त्यांचा ग्रह झाला. मी सारा इतिहास सांगितला. ही भाषा बोलतो कोण, असे त्यांनी विचारले. अद्याप कोणी नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगत होतो, तोच दारात पाटी घेऊन उभी असलेली कोळीण म्हणाली,

"मी बोलतंय, सायेब. नोह म्हंजे होरी."

"म्हणजे दोघांना कळते," फौजदार म्हणाले. "मग संकेतच की."

अखेर त्यांनी तोड काढली. कारकुनाने लिहिले की वहीतील मजकूर निरर्थक असून मी तो करमणुकीखातर खरडला आहे. सही केली तर वही परत. नाहीतर वही जप्त आणि वडाखाली बसण्याची परवानगी रद्द.

अंगठा अथवा सही होण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचायचा, हा माझा वीस वर्षांचा नेम. मी तो वाचला. 'निरर्थक' म्हणजे काय, असे कोळणीने विचारले. तू मघाशी बोललीस ते काहीच नव्हे, असा अर्थ मी सांगितला.

"मंग सही करू नको, दादा."

पाटीतली मासळी दरवळू लागल्यामुळे तिला जायला सांगण्यात आले. मी 'निरर्थक' खोडले, वर 'सार्थ' लिहिले, खोडाखोडीपाशी रिवाजाप्रमाणे आद्याक्षरे घातली, आणि मग सही केली.

आज आठ वर्षे मी बंदरावरच्या एका दुकानाच्या पडवीत बसतो. पश्चात्ताप नाही. कोळणीच्या होडीवर थांबलेल्या पाण्याला 'तानू' म्हणतात. शब्दाचा शेवट वाऱ्याने नेला. सुरुवातीचा 'स्' गळेल असे मी कधी लिहिलेच नव्हते, तो त्यांनीच झिजवला. हा बदल वहीत नोंदवणे माझे कर्तव्य आहे, आणि वही कचेरीच्या कपाटात आहे.

सबब मागणे एवढेच: वही परत मिळावी, अथवा ती कोणत्या कायद्याने ठेवून घेतली ते लेखी कळवावे. उत्तर मराठीत असले तरी चालेल.